जंतांची गोळी फुकट मिळते, मग संशोधक शोधतात तरी काय?

प्रश्न पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष बागायतदारांचा आहे. थोडक्यात असा: "मुलगी नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करते. तिला परजीवी आणि संसर्गजन्य रोगांवर संशोधन करायचंय. जंतांची गोळी शाळेत फुकट मिळते, मग त्यात शोधायचं काय राहिलंय? हे लोक दिवसभर करतात काय? त्यासाठी नाशिक सोडावंच लागतं का? आणि तिच्या आईला वाटतं, असल्या कामातून घरात रोग येईल."

मी याच विषयात काम करत आले आहे आणि त्यातली बरीच वर्षं नाशिक जिल्ह्यातच गेली. तुमचा पहिला प्रश्न मला सरपंचांनी विचारलाय, मास्तरांनी विचारलाय, एखाद्या डॉक्टरांनीही विचारलाय. त्याचं उत्तर सविस्तर देते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

शाळेत मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी २०१५ ला काही राज्यांत सुरू झाला आणि पुढच्या वर्षी देशभर गेला. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना ही गोळी देतात, दोन वर्षांच्या पुढे ४०० मिलिग्रॅमची पूर्ण आणि त्याआधी अर्धी. गोळी चांगली आहे, स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि प्रत्येक मुलाला मिळायलाच हवी. पण तिचं काम किती, ते बघा. त्या दिवशी आतड्यात असलेले जंत ती मारते. आठवड्यानं त्याच पोरानं त्याच अंगणात खेळून हात न धुता भाकरी खाल्ली, तर तिथे गोळीचा काही उपयोग नाही.

आणि अंगणात काय असतं? गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ताजं अंडं लगेच बाधत नाही. ओलसर, सावलीतल्या मातीत दोन-तीन आठवडे गेले की आत अळी तयार होते आणि मग ते अंडं बाधक होतं. त्याचं कवच इतकं चिवट की माती मानवली तर ती अंडी वर्षानुवर्षं टिकतात. आकडीकृमीची तऱ्हा वेगळी. त्याची अळी मातीत वाट बघते, अनवाणी तळव्याच्या कातडीतून आत शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशाशी येऊन गिळली जाते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. चाबूककृमी नावाचा तिसरा भाऊ आहे, त्याच्यावर तर एका गोळीचा परिणाम बराच कमी होतो. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं, की गोळी दिल्यावर गोल जंताचं प्रमाण साधारण वर्षभरात जवळपास पहिल्याइतकं होतं.

म्हणजे पोटातला जंत मारायचा कसा, हे माहीत आहे. तो परत येतो कुठून आणि ती वाट कुठे तोडायची, हे गावागावात नव्यानं शोधावं लागतं. माझ्या मते आमच्या विद्येचा गाभा एवढाच आहे: परजीवीची वाट पूर्ण चालून पाहायची आणि ती तुटेल अशी जागा सापडवायची. ती जागा बहुतेक वेळा दवाखान्याबाहेर असते.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे नारू. तुमच्या घरातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा, नाव काढलं तरी अंगावर काटा येईल. पायाला फोड, त्यातून बाहेर पडणारा हातभर लांब दोऱ्यासारखा जंत, तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, आणि मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. महाराष्ट्र हे नारूच्या राज्यांपैकी एक होतं. या रोगावर लस नव्हती आणि आजही नाही. जंत मारणारं औषधही नाही. तरीही १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानं तो देशातून घालवला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त जाहीर केला.

औषधाशिवाय हे जमलं, कारण वाट माहीत होती. नारू झालेला माणूस पाय थंड करायला पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो. पाणी लागताच मादी हजारो अळ्या सोडते. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव त्या गिळतो. ते पाणी कुणी न गाळता प्यालं, की वर्षभरानं त्याच्या पायाला फोड. मग तोडायच्या जागा दिसतात: बारवेच्या पायऱ्या बंद करून रहाटानं पाणी काढा, पाणी दुपदरी कापडातून गाळा, सायक्लॉप्स मारायला विहिरीत टेमेफॉस टाका, हातपंप बसवा, आणि फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका. गावोगाव फिरून रुग्ण शोधणाऱ्या आरोग्यसेवकांनी आणि पदरानं पाणी गाळणाऱ्या बायांनी हा रोग संपवला. आफ्रिकेतही आता तो मोजक्या माणसांत उरलाय, पण चाडमध्ये तोच जंत कुत्र्यांत मोठ्या प्रमाणावर सापडू लागला आणि संशोधकांना वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते आहे. "आता काय राहिलंय" असं म्हटलं की मला हेच आठवतं. परजीवी नवं घर शोधतो.

कोकणातलं एक उदाहरण फार थोड्यांना माहीत आहे. लघवीतून रक्त पडणारा, शिस्टोसोमा नावाच्या परजीवी कृमीचा रोग आफ्रिकेचा, आपल्याकडे त्याचं ठाण नाही, असा समज होता. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचं चक्क स्थानिक ठाणं दाखवून दिलं. पुढे तिथल्या पाण्यात फेरिसिया टेन्युइस नावाची चिमुकली गोगलगाय सापडली, जिच्या पोटात परजीवीचा मधला मुक्काम होता. एका गावापुरता रोग आणि नखाएवढीही नसलेली गोगलगाय. गावकऱ्यांच्या तक्रारीवर कुणी विश्वास ठेवून लघवी सूक्ष्मदर्शकाखाली घातली, म्हणून हे कळलं.

आता दुसरा प्रश्न, दिवसभर करतात काय. एका साध्या पाहणीचं सांगते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा आपला पश्चिम पट्टा. पाऊस भरपूर, माती ओली, आश्रमशाळा बऱ्याच. मुलांत जंत किती हे पाहायचं, तर आधी संशोधन नीतीला धरून आहे ना हे पाहणाऱ्या आचारसमितीची मंजुरी, मग पालकांची संमती. ती तिथल्या आदिवासींच्या कोकणा बोलीत समजावून घ्यावी लागते. कागदावर अंगठा घेतला म्हणजे समजावलं असं होत नाही. मुलालाही वेगळं विचारायचं, ते नको म्हणालं तर नको. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला झाकणाची डबी द्यायची आणि सकाळी शौचाचा नमुना घ्यायचा. हे ऐकून लोक नाक मुरडतात. मला त्यात कधी किळस वाटली नाही. त्या डबीत त्या मुलाच्या खंगण्याचं कारण असतं आणि ते शोधणारं दुसरं कुणी तिथे आलेलं नसतं.

मग कॅटो-कात्झ पद्धत. बारीक जाळीतून विष्ठा गाळायची, भोक पाडलेल्या छोट्या पट्टीनं ४१.७ मिलिग्रॅम एवढीच काचपट्टीवर घ्यायची, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा दाबायचा आणि अंडी मोजायची. आलेल्या आकड्याला २४ नं गुणलं की एका ग्रॅममागे किती अंडी ते कळतं. इथे एक मेख आहे. ग्लिसरीननं आकडीकृमीचं पातळ कवचाचं अंडं हळूहळू पारदर्शक होऊन दिसेनासं होतं. काचपट्टी अर्ध्या ते एका तासात पाहिली नाही, तर तो जंत अहवालातून गायब. नमुने गाडीत घालून नाशिकला आणू, निवांत बघू, असं करणाऱ्याच्या अहवालात सुरगाण्यात आकडीकृमी कमीच दिसणार. म्हणून सूक्ष्मदर्शक गावात न्यावा लागतो, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एखाद्या खोलीत मांडावा लागतो आणि वीज गेली तर खिडकीशी बसून आरशानं उजेड घेऊन बघावं लागतं. कुठला आकडा खरा मानायचा, हे तो कसा काढलाय यावर ठरतं, आणि हे शिकायला काही वर्षं जातात.

मोजल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. जंत सगळ्या मुलांत सारखे वाटलेले नसतात. बहुतेकांच्या पोटात थोडे किंवा अजिबात नाहीत, आणि मोजक्या मुलांच्या पोटात गावातले बहुतेक सगळे. त्यामुळे सरासरी फसवते. वर्गाची सरासरी बेताची निघते, आणि कोपऱ्यात बसलेली एखादी पोर त्या वर्गाचा निम्मा भार एकटी वाहत असते. गोळीच्या दिवशी नेमकी तीच गैरहजर असेल तर मातीत अंडी पडत राहतात. म्हणून "किती टक्के मुलांना गोळी दिली" याइतकंच "कोण राहिलं" हे विचारायला हवं.

राहतं कोण, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक असेल. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग. त्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडे सुरगाणा-पेठच्या मजुरांच्या टोळ्या उतरतात. मुकादमाबरोबर नवरा-बायको येतात आणि लहान पोरंही. शाळेचा पट तिकडे, पोर इकडे. गोळी शाळेत वाटली जाते आणि ते बागेच्या बांधावर असतं. आणि त्या बाईचं काय? ती विशीच्या पुढची, म्हणजे शाळेतल्या वाटपात बसत नाही. गरोदर असेल तर पहिले तीन महिने उलटल्यावर आरोग्य केंद्रात तिला एक गोळी मिळायला हवी, पण त्या महिन्यांत ती तुमच्या बागेत असते आणि तिची नोंद तिच्या गावच्या उपकेंद्रात. आकडीकृमीचा मोठा प्रकार एकेका जंतामागे रोज ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो, लहान प्रकार ०.०३ मिलिलिटरच्या आसपास. शंभर जंत असले तर हिशोब करा. त्यात आहारात लोह कमी, दोन बाळंतपणं झालेली. ती "चक्कर येते" म्हणून घडाखाली बसते आणि मुकादम म्हणतो, कामचुकार आहे.

हे मी तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुमच्या मुलीला संशोधनाचा विषय शोधायला लांब जायला नको, तो घरच्या बांधावर आहे, हे सांगायचंय. टोळीसाठी बागेत शौचालय आहे का, पायात चप्पल असते का, पाणी कुठलं पितात, गावाहून येताना आणि परत जाताना रक्तातलं हिमोग्लोबिन किती, अंडी किती. एका हंगामाचा असा नीट अभ्यास कुणी केला, तर गोळी कुठे आणि कुणाच्या हातून द्यायची हे बदलता येईल. माझी मनापासून इच्छा आहे की तो कुणीतरी बागायतदाराच्या घरातल्यानं करावा. टोळीची माणसं आम्हा बाहेरच्यांशी बोलत नाहीत तेवढं तुमच्याशी बोलतील.

जनावरांकडे वळते, कारण परजीवींचा निम्मा अभ्यास गोठ्यात आणि वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, होतो.

सिन्नर-येवल्याच्या कोरड्या पट्ट्यात मेंढपाळांचे वाडे फिरतात. खतासाठी शेतात मेंढरं बसवण्याची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. वाड्याबरोबर कुत्री असतातच. मेंढरू कापलं की यकृत-फुप्फुसातला पाण्याच्या फुग्यांनी भरलेला टाकाऊ भाग कुत्र्यापुढे पडतो. त्या फुग्यात एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीची शेकडो-हजारो बाळं असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे काही मिलिमीटरचे जंत होतात आणि साधारण दीड महिन्यात अंडी बाहेर पडू लागतात. कुत्रं स्वतः ठणठणीत. ती अंडी त्याच्या केसांना, गवताला, पोरांच्या हाताला लागतात. माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ तयार होते, जिला डॉक्टर हायडॅटिड म्हणतात. ती वर्षानुवर्षं मुकाट वाढते आणि पोट फुगलं किंवा छाती दुखली की सोनोग्राफीत सापडते. शस्त्रक्रियेत फुटली तर जिवावर बेततं.

लोकांना वाटतं हा मटण खाल्ल्यानं होतो. मटणातून माणसाला हायडॅटिड होत नाही. वाट कुत्र्याच्या विष्ठेतून येते, त्यामुळे माळकरी माणसालाही तो होऊ शकतो. आणि वाट माहीत असल्यानं तोडायची जागाही स्वच्छ दिसते: कापलेल्या जनावराचा टाकाऊ भाग पुरा किंवा जाळा, कुत्र्याला देऊ नका, आणि कुत्र्यांना ठरावीक मुदतीनं प्राझिक्वांटेलची गोळी द्या. आइसलँडसारख्या देशात एकोणिसाव्या शतकात हा रोग घरोघरी होता. तिथे लोकांना लिहायला-वाचायला येत होतं, त्यांना छापील पुस्तिका वाटून कुत्र्यांपासूनचा धोका समजावला, मग कुत्र्यांवर औषध आणि कायदा आला, आणि रोग नाहीसा झाला. आपल्याकडे अडचण अशी की माणसाचा डॉक्टर गाठ काढतो, जनावराचा डॉक्टर कत्तलखान्यात यकृत बघतो आणि कुत्र्याकडे कुणीच बघत नाही. हे तिन्ही धागे एकत्र आणणं हे संशोधकाचं काम. तालुका पशुवैद्यकीय दवाखाना आणि शल्यचिकित्सक यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तरी एका एमएस्सी प्रबंधापुरतं काम होतं.

शेळ्यांमध्ये वेगळा धडा आहे. शेळीच्या चौथ्या पोटात हिमॉंकस नावाचा रक्तपिपासू जंत राहतो. जबड्याखाली पाणी उतरलेली, डोळ्याची पापणी उलटली तर पांढरीफटक दिसणारी शेळी तुम्ही पाहिली असेल. त्याच्यावर वर्षानुवर्षं तेच तेच औषध, अंदाजानं, कमी मात्रेत पाजलं गेलं आणि जगभर या जंतानं अल्बेंडाझोलच्या कुळातल्या औषधांना दाद देणं सोडलंय. तपासायची रीत सोपी आहे. औषधाआधी लेंड्यांतली अंडी मोजा, १४ दिवसांनी पुन्हा मोजा. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर संशय घ्या. जनुकीय पातळीवर, हे औषध जंताच्या ज्या प्रथिनाला चिकटतं त्या बीटा-ट्युब्युलिनमधल्या १६७, १९८ आणि २०० या जागांवरचे बदल बघतात. माणसाच्या गोळीचं कूळ तेच आहे. म्हणून शेळीत जे झालं ते माणसात होतंय का, यावर लक्ष ठेवणं फार निकडीचं आहे, आणि ते काम प्रयोगशाळेत पीसीआर यंत्रावर चालतं. मुलीला सूक्ष्मजीवशास्त्राची आवड असेल तर हा भाग तिला जवळचा वाटेल.

भाज्यांबद्दल एक सांगायलाच हवं. शहराचं सांडपाणी नदीत मिसळतं आणि खालच्या अंगाला तेच पाणी पालेभाज्यांना जातं, ही नुसत्या नाशिकची गोष्ट नाही, वाढत्या प्रत्येक शहराची आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकाला द्यायच्या सांडपाण्यात लिटरमागे जंताचं एकाहून जास्त अंडं नसावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. तो पाळला जातो का, हे पाहायला कोथिंबिरीची जुडी ठरावीक पाण्यात धुऊन, तो गाळ बसवून, झिंक सल्फेटच्या द्रावणात तरंगवून अंडी वर आणतात आणि मोजतात. खर्च थोडा, चिकाटी फार.

यातलं सर्वांत घातक अंडं डुकरातल्या पट्टकृमीचं. इथेही तोच गैरसमज. मेंदूत गाठ होऊन फिट येणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस हा डुकराचं मांस खाल्ल्यानं थेट होत नाही. अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत होतो, आणि त्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, भाजीला, पाण्याला लागून दुसऱ्याच्या पोटात गेली की मेंदूत गाठ होते. जन्मात मांसाला न शिवलेल्या मुलीला फिट येते आणि घरचे आधी देवऋष्याकडे नेतात. अशा गाठीनं येणाऱ्या फिट औषधानं आटोक्यात येतात, गाठ बऱ्याचदा विरून जाते. त्या मुलीचं लग्न मोडायचं, शाळा सोडवायची काही गरज नसते. हे मी जिथे बोलते तिथे सांगते.

इतर संसर्गजन्य रोगांचं थोडक्यात. भातखाचरात राबणाऱ्याचा ताप हा लेप्टोस्पायरा या जिवाणूचा असू शकतो, गवतात वावरणाऱ्याचा ताप स्क्रब टायफस, ज्यात चिगर माइट या बारीक किड्याची अळी चावते तिथे काळी खपली दिसते, आणि शहरातला डेंग्यू. तिन्ही पावसाळ्यात, तिन्हींची सुरुवात सारखी. पहिल्या दोहोंवर डॉक्सिसायक्लिनसारखं जुनं, स्वस्त औषध चालतं, पण कुणी अंगभर खपली शोधली तरच ते सुचतं. आणि असलं काम आपल्याकडे साध्या साधनांतही झालंय. हिवतापाच्या रक्तपट्टीला आपल्या आरोग्य केंद्रांत वर्षानुवर्षं वापरलेला जेएसबी रंग हा जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या भारतीय संशोधकांनी घडवलेला. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉसला २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत डासाचं पोट फाडून बघताना सापडला, तोही साध्या सूक्ष्मदर्शकावर. पटकीचा जंतू आतड्यात विष सोडतो हे १९५९ मध्ये शंभूनाथ डे यांनी कलकत्त्यात दाखवलं, सशाच्या आतड्यावर आणि बेताच्या साधनांत. २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक इथे येतील तेव्हा सांडपाण्याचे नमुने, पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन, तापाच्या रुग्णांची रोजची नोंद, यासाठी शिकलेले हात लागतील. या वर्षी शिकणारी मुलं त्या वेळी उपयोगी पडतील.

नाशिक सोडावं लागेल का? काही काळ, हो. पीएच.डी.साठी नेट परीक्षेतून फेलोशिप मिळवावी लागते. परळची हाफकिन संस्था, पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, पुदुच्चेरीचं रोगवाहक कीटकांवरचं केंद्र, दिल्लीची हिवताप संशोधन संस्था, लखनौची औषध संशोधन संस्था, ही नावं तिनं पाहून ठेवावीत. जनावरांच्या बाजूला परळ आणि शिरवळची पशुवैद्यक महाविद्यालयं. नाशकात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. माझा सल्ला असा: तंत्र बाहेर जाऊन शिकावं, प्रश्न मात्र इथला घेऊन जावा. मोठ्या प्रयोगशाळेत यंत्रं असतात, पण सुरगाण्याचा नमुना नसतो. पैशाची खात्री पहिल्या काही वर्षांत नाही, हेही स्पष्ट सांगते. प्रकल्पाचं अनुदान संपलं की पगार थांबतो. घरचा आधार असेल तर ती वर्षं निभतात. तुमचा आधार तिला असेल असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं.

तिला आत्तापासून करता येण्याजोगं एक काम: आठवड्यातला एक दिवस जवळच्या आरोग्य केंद्रातल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाशेजारी बसून काचपट्ट्या बघायच्या. जंताचं अंडं आणि परागकण यांतला फरक पुस्तकातून येत नाही. आकडेशास्त्रही मन लावून शिकावं. वर सांगितलेली असमान वाटणी ज्याला कळत नाही, त्याचा सगळा अहवाल चुकतो.

आईच्या भीतीचं शेवटी, पण ती हलकी घेऊ नये. धोका आहे आणि तो सांभाळता येतो. गोल जंताची ताजी अंडी बाधत नाहीत, पण डुकराच्या पट्टकृमीची अंडी बाहेर पडतानाच बाधक असतात, म्हणून प्रत्येक नमुना घातक समजूनच हाताळायचा. हातमोजे, नमुना शक्यतो आधी फॉर्मलिनमध्ये, कामाच्या टेबलावर चहा-बिस्किट नाही, मोबाइलही नाही. पांढरा कोट प्रयोगशाळेतच राहतो आणि तिथेच निर्जंतुक होतो, तो घरच्या कपड्यांत धुवायला येत नाही. गोल जंतांवर सतत काम करणाऱ्यांना कधीकधी त्यांची ॲलर्जी होते, शिंका आणि दम लागतो. तसं झालं तर लपवू नये, विषय बदलता येतो. भातखाचरात उतरायचं तर गमबूट, आणि पायाला जखम असेल त्या दिवशी उतरायचं नाही. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी. आणि वाड्यावरच्या कुत्र्यांचे नमुने घेणार असेल, तर पहिल्या कुत्र्याला हात लावण्याआधी रेबीजच्या प्रतिबंधक लसीची पूर्ण मात्रा टोचून झालेली हवी. ते झाल्याशिवाय आमच्याकडे कुणालाही वाड्यावर नेत नाहीत.